ग्राफिक नॉव्हेलवरून डिस्टोपियन हाइस्ट थ्रिलर लिहायचीय? आधी त्या जगाचा नियम पकडा

हातात एक जबरदस्त ग्राफिक नॉव्हेल आहे, उद्याचं कसलं तरी भयाण जग आहे, त्यात चार माणसं मिळून एक मोठा दरोडा घालतायत, आणि वाचून संपलं की पहिला विचार काय येतो तर अरे यात पिक्चर तयारच आहे की, फ्रेम काढलेल्या आहेत, डायलॉग लिहिलेले आहेत, आता फक्त स्क्रिप्टच्या फॉरमॅटमध्ये उतरवायचं. मी हे काम दोनदा केलंय, एकदा एका मित्राच्या कॉमिकवर आणि एकदा एका प्रोड्यूसरसाठी, आणि दोन्ही वेळा अनुभव हाच आला की जे तयार दिसतं तेच सगळ्यात जास्त वेळ खातं. म्हणून ज्याला कुणाला हे करून बघायचंय त्याच्यासाठी माझी पद्धत सविस्तर लिहितेय, कुठे गाडं अडतं तेही सांगते.

आधी नेमका याच जातीचा एक पिक्चर उदाहरणाला घेऊ. रिक रेमेंडरने लिहिलेली आणि ग्रेग टोकिनीने चितारलेली ‘द लास्ट डेज ऑफ अमेरिकन क्राइम’ ही कॉमिक २००९ च्या शेवटी यायला लागली आणि ३ अंकांत संपली. कल्पना अशी की अमेरिकेचं सरकार एक सिग्नल सोडणार आहे, तो मेंदूवर असं काम करतो की आपण करतोय ते बेकायदा आहे हे माहीत असताना माणसाला ते करताच येत नाही, आणि तो सिग्नल कायमचा चालू व्हायच्या आत एक टोळी शेवटचा मोठा हात मारायला निघते. ऐकूनच अंगावर काटा येतो ना? यावरचा पिक्चर जून २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला, ऑलिव्हिए मेगाटॉनचं दिग्दर्शन, एडगर रामिरेझ मुख्य भूमिकेत, लांबी जवळजवळ अडीच तास. समीक्षकांची परीक्षणं गोळा करून टक्के काढणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर त्याला मिळाले शून्य टक्के. म्हणजे कल्पना एवढी भारी असून समीक्षकांपैकी जवळपास कुणालाच तो पटला नाही.

मी तो दोनदा बघितला, दुसऱ्यांदा वही घेऊन, कारण मला खरंच समजून घ्यायचं होतं की पाणी नेमकं कुठे मुरतंय. माझं मत असं झालं की पिक्चरचा बराचसा वेळ भावाच्या मृत्यूचा हिशोब, माफिया घराणं, दोन पुरुष आणि एक बाई, गोळीबार, पाठलाग यात जातो, आणि यातली बहुतेक भांडणं सिग्नल नसलेल्या कुठल्याही शहरात जशीच्या तशी होऊ शकली असती. सिग्नल लांब कुठेतरी घड्याळासारखा टिकटिक करत राहतो. आता त्या नियमातला एक तुकडा परत वाचा, "माहीत असताना". या दोन शब्दांवर अख्खा दरोडा उभा राहतो हो! ज्याला माहीतच नाही की आपण चोरी करतोय त्याला सिग्नल अडवणार नाही, मग टोळीतल्या एकाला अंधारात ठेवायचं का, कामाचे असे तुकडे पाडायचे का की प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं काम साधं कायदेशीर दिसेल, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो म्होरक्या मात्र ऐनवेळी हात उचलू शकत नाही. विश्वास, फसवणूक, अज्ञान, दरोड्याच्या गोष्टीला लागतो तो सगळा माल त्या दोन शब्दांत पडलेला आहे.

तर माझा सगळ्या कामाचा पाया हा आहे. जगाचा नियम आणि दरोड्याचा प्लॅन या दोन वेगळ्या गोष्टी असून चालत नाही. नियम काढून टाकला आणि दरोडा तसाच्या तसा शिल्लक राहिला तर तुमच्या हातात डिस्टोपियन हाइस्ट नाहीये, नुसता दरोडा आहे आणि मागे पडदा रंगवलेला आहे.

नियम कसा पकडायचा

कॉमिक तीनदा वाचा. पहिल्यांदा सरळ, पेन्सिल न घेता, जशी मजेने वाचतो तशी. दुसऱ्यांदा प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड करा आणि त्यावर एकच ओळ लिहा की या प्रसंगाच्या आधी काय होतं आणि नंतर काय बदललं. काहीच बदललं नसेल तर कार्ड कोरं ठेवा, फेकू नका, बाजूला ठेवा. तिसऱ्या वेळी जरा विचित्र वाटेल असं करा, कागदाच्या पट्ट्या घेऊन डायलॉगचे फुगे आणि कॅप्शनचे, म्हणजे निवेदनाच्या ओळींचे, चौकोन झाका आणि फक्त चित्रं बघत जा. काय कळतंय आणि काय अजिबात कळत नाहीये ते लगेच समोर येतं, आणि जे कळत नाहीये तिथेच तुमचं खरं काम असतं.

मग एका कागदावर जगाचा नियम एका वाक्यात लिहा. एकाच वाक्यात बसला पाहिजे. बसत नसेल तर कॉमिकमध्ये दोन-तीन नियम एकात एक गुंतलेत आणि तुम्हाला निवडावं लागेल. कॉमिकला ते परवडतं, वाचक पान मागे उलटून बघू शकतो, पिक्चर बघणारा पुढेच जात असतो.

मी शिकवताना एक बनवलेलं उदाहरण घेते, तेच इथे वापरते म्हणजे सगळं एका धाग्यात राहील. समजा एक शहर आहे जिथे सार्वजनिक जागेत कुणालाही ४० सेकंदांपेक्षा जास्त एका जागी थांबायला बंदी आहे. जमिनीतल्या फरश्यांना वजन कळतं. पांढऱ्या असतात, मग पिवळ्या होतात, ४० ला लाल. नियम ऐकायला शहाणपणाचा वाटला पाहिजे हे फार महत्त्वाचं, म्हणजे इथे सरकारचं म्हणणं असं की गर्दी साठू नये, चेंगराचेंगरी होऊ नये, रस्ते मोकळे राहावेत. खरं कारण लोकांना माहीत असतं, एकदा लोक चौकात येऊन नुसते उभे राहिले होते आणि हलले नव्हते.

आता या नियमाला तीन प्रश्न विचारायचे. याने दरोडा अवघड कसा होतो? यानेच दरोडा शक्य कसा होतो? आणि चोरायची ती वस्तू याच नियमामुळे मौल्यवान झालीय का? तिसरा प्रश्न बहुतेक लोक विसरतात आणि मग तिजोरीत सोनं नाहीतर नोटा ठेवून मोकळे होतात. आपल्या शहरात तिजोरीत काय असेल? थांबायचे परवाने. कोरे, शिक्का मारलेले. ज्यांच्याकडे पैसा आहे ते हे विकत घेऊन झाडाखाली बसतात. आणि टोळीतली कुलूप उघडणारी म्हातारी आहे तिचे गुडघे गेलेत, तिला आयुष्यात एकदा बाहेर बाकावर बसायचंय. बघा, चोरीचा माल ठरला आणि माणूसही आपोआप उभं राहिलं, तिच्यासाठी वेगळी दुःखी बॅकस्टोरी लिहायची गरजच पडली नाही.

आता दुसरा प्रश्न, शक्य कसा होतो. परवाना विकत न घेता थांबायची मुभा फक्त पहारेकऱ्यांना आहे असं धरू. म्हणजे या शहरात जो निवांत उभा आहे तो पहारेकरीच असणार असं सगळे धरून चालतात. त्यामुळे गणवेश घालून, फरशीखाली काहीतरी गडबड करून, नुसतं उभं राहणं हेच सगळ्यात मोठं सोंग झालं.

दरोडा नियमातून घडवायचा

यावर मला जास्त वेळ घालवायचाय कारण इथेच पिक्चर जिंकतो नाहीतर बुडतो.

तिजोरीचं कुलूप उघडायला ६ मिनिटं लागतात असं धरू. ६ मिनिटं म्हणजे ३६० सेकंद, एका माणसाला ४० सेकंद, म्हणजे ९ पाळ्या. टोळीत चौघं. एकजण ४० सेकंद कुलपाची चकती फिरवणार, मग हात न सोडता दुसऱ्याच्या हातात देणार आणि चालायला लागणार, बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत येणार तोवर बाकीच्यांच्या पाळ्या. याचा अर्थ म्हातारीला आयुष्यभराची कला बाकी तिघांना शिकवावी लागणार, जी तिने कधीच कुणाला शिकवलेली नाही. म्हणजे तालमीचे सीन आले आणि ते नुसते माहिती देणारे सीन राहिले नाहीत, त्यात एक बाई स्वतःचं गुपित वाटून टाकतेय. आणि हात बदलायचा क्षण! दोन हात चकतीवर, एक निघतोय एक येतोय, मध्ये अर्धा सेकंद दोघांची बोटं एकमेकांवर, तो शॉट तुमचा पोस्टर आहे.

पाळ्यांचं गणित करा. चौघं आहेत म्हणजे चौथ्या माणसाच्या वाट्याला चौथी आणि आठवी पाळी येते, नववी परत पहिल्याकडे. समजा चौथी ती नवीन आलेली मुलगी आहे, तालमीत सगळ्यात पक्की. घरभेदी तीच आहे. ती फितुरी कशी करेल? पिस्तूल काढून नाही, फोन करून पण नाही. आठव्या पाळीला ती चकती पुढच्या माणसाच्या हातात देतच नाही. नुसती उभी राहते. ३८, ३९, ४०. फरशी लाल. या जगात कुणाला दगा द्यायचा तर हलायचं नाही, एवढंच. हा ट्विस्ट दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये उचलून ठेवता येणार नाही, आणि चांगल्या ट्विस्टची माझी कसोटी हीच आहे.

आता प्लॅन प्रेक्षकाला किती सांगायचा. हाइस्ट लिहिणाऱ्यांमध्ये एक जुना नियम चालत आलाय, प्लॅन आधी पूर्ण सांगितला तर तो फसला पाहिजे, आणि यशस्वी होणार असेल तर तो आधी सांगायचा नाही. कारण सरळ आहे, तीच गोष्ट दोनदा कोण बघेल. मी यात मधला रस्ता घेते, थोडं हातचं राखून. आपल्या उदाहरणात तालीम पाचव्या पाळीपर्यंतच दाखवायची आणि कट. प्रेक्षकाला पद्धत कळली, लय कळली, पण सहावीपासून पुढे तो टोळीबरोबर पहिल्यांदाच चालतोय.

आणि बोलणं कमी. १९५५ चा ज्यूल दासँचा ‘रिफिफी’ ज्यांनी बघितला नसेल त्यांनी लिहायला बसायच्या आधी बघाच, त्यात जवळपास अर्धा तासाचा दरोडा आहे आणि त्यात संवाद नाहीत, पार्श्वसंगीत पण नाही, नुसते हत्यारांचे आणि श्वासांचे आवाज. तुमच्याकडे तर कॉमिक आहे, ती मुळातच आवाज नसलेली कला आहे, म्हणजे हे धाडस करायला तुम्हाला जास्त सोपं जायला हवं.

पॅनल म्हणजे शॉट नाही

सगळ्यात मोठा मोह हा, की पॅनल, म्हणजे कॉमिकमधली एक चौकट, जसंच्या तसं शॉट म्हणून लिहायचं. करू नका. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ च्या त्याच्या कॉमिकवरच्या पुस्तकात फार नीट समजावलंय की कॉमिक घडते ती दोन पॅनलच्या मधल्या रिकाम्या पट्टीत, तिथे वाचक स्वतः काय झालं असेल ते भरून काढतो. एका पॅनलमध्ये हात वर, दुसऱ्यात माणूस जमिनीवर, मधला फटका वाचकाने मारलेला असतो. पिक्चरमध्ये कॅमेरा चालू राहिला तर तो फटका दिसणारच, आणि दिसला की त्याची ताकद वेगळी होते, बरेचदा कमी. तेव्हा पट्टीत जे होतं ते दाखवायचं की कट मारून वगळायचं हा निर्णय प्रत्येक ठिकाणी तुम्हाला घ्यावा लागतो.

वेळेचंही तसंच. कॉमिकमध्ये मोठं पॅनल म्हणजे जास्त वेळ, छोटी छोटी पॅनल म्हणजे घाई, आणि वाचक आपल्या वेगाने जातो. समजा त्या ९ पाळ्या कॉमिकमध्ये ९ सारख्या चौकोनांच्या एका पानावर काढल्यात, वर तीन मध्ये तीन खाली तीन. सुंदर पान आहे, एका नजरेत ९ चेहरे दिसतात. हे पिक्चरमध्ये एका नजरेत येऊच शकत नाही. मग काय करायचं? पहिली पाळी पूर्ण ४० सेकंद दाखवायची, अजिबात न कापता, म्हणजे प्रेक्षकाच्या अंगात ती लांबी भिनते. दुसरी २५ सेकंदांची. तिसरी ते सातवी मिळून एक मिनिट, फक्त हात बदलताना. आणि आठवी परत पूर्ण ४०, तीच लांबी, पण आता प्रेक्षक मनात मोजतोय. कॉमिकचं पान टिकलं नाही पण त्या पानाने जे केलं होतं ते टिकलं.

‘सिन सिटी’ने २००५ मध्ये मूळ कॉमिकची पॅनल जवळपास स्टोरीबोर्डसारखी, म्हणजे शूटिंगआधी काढतात त्या शॉटच्या चित्रांसारखी, वापरली आणि ते जमलं हे खरंय, पण तिथे मूळ चित्रकार फ्रँक मिलर स्वतः रॉबर्ट रॉड्रिगेझबरोबर दिग्दर्शक होता आणि अख्खी दुनिया ग्रीन स्क्रीनवर उभी केली होती. तसं करायचं असेल तर सगळंच तसं करा, अर्धवट नको.

कॅप्शनच्या चौकोनांचं काय? हाइस्ट कॉमिकमध्ये म्होरक्या सारखा मनातल्या मनात बोलत असतो आणि पहिल्या ड्राफ्टमध्ये ते सगळं व्हॉइसओव्हर, म्हणजे चित्रावर ऐकू येणारा निवेदनाचा आवाज, होऊन येतं. मी प्रत्येक कॅप्शनला पेन्सिलने तीनपैकी एक खूण करते, कृती, वस्तू किंवा रद्द. उदाहरण देते. कॅप्शन असेल, "मला तेव्हाच कळलं होतं की ही मुलगी कुणाचं तरी ऐकतेय". याची कृती करायची. तालमीत बाकी तिघं ४० मोजायला ओठ हलवतात, ती हलवत नाही, तरी बरोबर ४० ला हात सोडते. म्हातारी बघते, काही बोलत नाही. कुठल्यातरी कानातल्या आवाजावर ती मोजतेय हे प्रेक्षकाला शेवटी कळेल, पण पाहिलेलं तेव्हाच असेल. मी दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये अशा खुणा मोजल्या होत्या, शंभराच्या वर कॅप्शन होते, त्यातले यातल्या कुठल्याच खुणेत न बसून आवाज म्हणून उरले फक्त ४.

सुरुवात

नमनाला घडाभर तेल नको. काळ्या पडद्यावर मजकूर, मग बातम्यांचे तुकडे, मग निवेदक सांगतोय की अमुक साली असं झालं, हे सगळं टाळा. पहिल्या तीन मिनिटांत एका साध्या माणसाला तो नियम लागताना दाखवा. आपल्या शहरात एक माणूस कामावर निघालाय, त्याच्या बुटाची नाडी सुटलीय. तो वाकतो. गाठ बसत नाहीये, हात थंडीने आखडलेत. मागून येणारे लोक त्याच्याकडे न बघता त्याला वळसा घालून जातायत पण प्रत्येकजण फरशीकडे मात्र बघतोय. फरशी पिवळी होते. तो अर्धवट नाडी तशीच सोडून उठतो आणि चालायला लागतो, नाडी फरफटतेय. संपला सीन. एक शब्द नाही आणि जग कळलं, भीती कळली, लोकांची सवय पण कळली.

यात खर्चही वाचतो. डिस्टोपिया म्हटलं की लोकांना उडत्या गाड्या आणि निऑनचे टॉवर आठवतात. गोदारने १९६५ मध्ये ‘अल्फाव्हिल’ हा भविष्यातल्या शहराचा पिक्चर वेगळे सेट न बांधता त्या काळच्या पॅरिसमध्येच शूट केला, नव्या काचेच्या इमारती, रात्र, लांब बोळ, एवढ्यावर. नियम पक्का असेल तर आहे ती इमारतसुद्धा परकी दिसायला लागते.

काय ठेवायचं, काय सोडायचं

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं धरतात. माझा पहिल्या स्क्रिप्टचा पहिला ड्राफ्ट १९० पानांचा झाला होता कारण मित्राच्या कॉमिकमधलं काहीच सोडवेना, त्याने इतक्या प्रेमाने काढलेलं. मग कोरी राहिलेली कार्डं काढून बघितली आणि तिथूनच कापायला सुरुवात केली, १०८ वर आणला. हाइस्टसाठी ९५ ते ११५ पानं माझ्या मते योग्य, त्याच्या वर गेलात की लय सुटते.

कापताना भीती वाटते की मूळ वाचक चिडतील. इथे दोन उदाहरणं डोक्यात ठेवा. ‘स्नोपिअर्सर’ची मूळ फ्रेंच कॉमिक १९८२ ची, बाँग जून-होने २०१३ मध्ये त्यावर पिक्चर केला तेव्हा बर्फाळलेलं जग, न थांबणारी ट्रेन आणि डब्यांनुसार पडलेले वर्ग एवढा नियम उचलला, माणसं आणि कथानक मात्र बरंचसं नवीन केलं. आणि २०१२ चा ‘ड्रेड’, ते कॉमिकमधलं पात्र १९७७ पासून चालत आलेलं, शेकडो गोष्टी हाताशी, तरी अ‍ॅलेक्स गारलँडने स्क्रिप्टमध्ये काय केलं तर एक दिवस, एक २०० मजली इमारत, पिक्चरची लांबी ९५ मिनिटं. दोन्हीकडे नियम घट्ट धरून बाकीचं मोकळ्या हाताने बदललंय.

उलट बाजूने, काही गोष्टी सोडायच्याच नाहीत. चित्रकाराने वारंवार काढलेली एखादी गोष्ट, जिच्याबद्दल कथेत कुणी बोलत नाही. एका कॉमिकमध्ये मला दिसलं की दर चार-पाच पानांनी मागे कुठेतरी एक बंद पडलेलं घड्याळ आहे, लेखकालाही विचारलं तर त्याला माहीत नव्हतं, चित्रकाराने स्वतःहून काढलं होतं. ते स्क्रिप्टमध्ये घेतलं आणि शेवट त्यावर बेतला.

हिंसेबद्दल

अत्याचारी राज्य दाखवायचं म्हणजे पोलिसांची, सैनिकांची मारहाण येणार. ‘लास्ट डेज’ आला तेव्हा जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला दोन आठवडेही झाले नव्हते, अमेरिकेत रस्त्यावर आंदोलनं चालू होती, आणि त्यातली पोलिसी हिंसा बऱ्याच समीक्षकांना खटकली. वेळ तर कुणाच्या हातात नसते, पण एक काळजी लेखकाच्या हातात असते. मार खाणारा माणूस प्रेक्षकाच्या ओळखीचा पाहिजे. नाडी सुटलेला तो माणूस आठवतोय ना, पुढे ४० व्या पानावर लाल फरशीवर कुणाला तरी मारायचंच असेल तर त्यालाच मारा, आणि मग पुढच्या सीनमध्ये ती सुटी नाडी कुणीतरी बांधू दे. गर्दीतल्या बिनचेहऱ्याच्या दहा माणसांपेक्षा तेवढं एक जास्त लागतं.

हक्क, आणि हे पहिल्याच आठवड्यात

हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं पण इथे तरी नीट वाचा. कॉमिक दोघांची असते, लिहिणाऱ्याची आणि काढणाऱ्याची, कधी रंग भरणाऱ्याचाही हिस्सा असतो, कधी सगळे हक्क प्रकाशकाकडे असतात. त्या प्रोड्यूसरने मला सांगितलं होतं की हक्क घेतलेत, मी कागद बघायला मागितला नाही, आणि चार महिने काम झाल्यावर कळलं की बोलणं फक्त लेखकाशी झालंय, चित्रकाराची अर्धी मालकी आहे आणि त्याला कुणी विचारलंच नाही. त्याने नाही म्हटलं आणि त्याचं बरोबरच होतं. ती स्क्रिप्ट आजही तशीच पडून आहे.

म्हणून लेखी घ्या. सगळे हक्क लगेच विकत घ्यायची गरज नसते, ऑप्शन नावाचा करार असतो, ठरलेल्या मुदतीसाठी थोडी रक्कम देऊन तेवढ्या काळात पिक्चरचे हक्क दुसऱ्या कुणाला जाणार नाहीत एवढं पक्कं करायचं आणि पिक्चर खरंच उभा राहिला तर ठरलेली पूर्ण किंमत द्यायची. मुदत वाढवायची सोय आत्ताच लिहून घ्या, कारण स्क्रिप्टला कायम ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. श्रेय कसं द्यायचं तेही लिहा. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या पिक्चरच्या वेळी मूळ कॉमिकचा लेखक अ‍ॅलन मूरने आपलं नावच काढायला लावलं, त्यामुळे पिक्चरच्या श्रेयात फक्त चित्रकार डेव्हिड लॉइडचं नाव आहे. निर्माता कितीही मोठा असला तरी हे होऊ शकतं, तेव्हा दोघांशी सुरुवातीलाच मोकळं बोला, तुम्ही काय बदलणार आहात ते स्पष्ट सांगा, पहिला ड्राफ्ट दाखवा.

ड्राफ्ट तपासताना

पाच-सहा जणांना बसवून स्क्रिप्ट मोठ्याने वाचा, ज्यांनी कॉमिक वाचलेली नाही अशांना घ्या. दरोड्याचा भाग आला की वाचणाऱ्याला थांबवू नका आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघा. मी आमच्या त्या ४० सेकंदांच्या शहराचा सराव एका वर्गात घेतला होता तेव्हा स्टॉपवॉच लावून वाचन केलं. सातव्या पाळीपर्यंत लोक खुर्चीत टेकून होते. आठवीला वाचणारी "ती चकती धरून उभी आहे" एवढंच म्हणाली आणि गप्प बसली, स्क्रिप्टमध्ये तिथे दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. तिसाच्या आसपास एकाने पाय हलवायला सुरुवात केली. पस्तिसाला कोपऱ्यातली एक मुलगी पुटपुटली, "अगं, सोड ना". तिथे मी वहीत खूण केली आणि त्या पानाला पुढच्या कुठल्याच ड्राफ्टमध्ये हात लावायचा नाही असं शेजारी लिहून ठेवलं.